गच्चीवरच्या सळया

पंडितला अक्कल कधी येईल, हे सुरेखाने आता देवालाही विचारायचं सोडून दिलं होतं. तरी त्या दिवशी सकाळी अंगणात सडा टाकताना तिची नजर सहज वर गेली आणि हातातली बादली हातातच राहिली. गच्चीच्या चारही कोपऱ्यांना गुडघाभर उंचीचे सिमेंटचे कॉलम उभे होते. प्रत्येकातून चार-चार सळया आभाळाकडे निघाल्या होत्या. एका सळीवर तर कोल्ड्रिंकची रिकामी बाटलीसुद्धा उपडी घातलेली होती, गंज चढू नये म्हणून.

आदल्या दिवशी ती पाहुण्यांसाठी कपबश्या आणायला वडवणीला गेली होती. एसटी चुकली आणि परतायला अंधार पडला. म्हणजे हा सगळा उद्योग तिच्या पाठीमागे झाला होता.

"आवो, हे काय करून ठेवलंय?"

पंडित शिडीवरून खाली उतरत होता. विजारीला चुना आणि मिशीला सिमेंट. "डांबरीवरून दिसायल्यात का, तेवढं सांग."

"काय?"

"सळया. उत्तरेश्वरला गाडीवर धाडलाय बघायला. अजून आला न्हाई."

सुरेखाने बादली खाली ठेवली. मांजरसुंब्याचे अर्जुनराव आज मुलीला आणि बायकोला घेऊन घर बघायला येणार होते. सुरेखाच्या पोराने, उत्तरेश्वरने, तिशी केव्हाच ओलांडली होती. शेततळं होतं, मोसंबीची बाग होती, पोरगा निर्व्यसनी होता आणि तरीही मुलगी मिळत नव्हती. मुलगी न मिळण्याचं कारण पंडितच्या मते एकच होतं. ते म्हणजे हे घर.

आणि घर बघायला येणारे लोक आधी गच्ची बघतात, हेही खरंच होतं. त्या भागात घराच्या डोक्यावर सळया असल्या म्हणजे घर अजून वाढणार आहे, माणसाची धमक शिल्लक आहे, असा अर्थ घेतात. मग त्या सळया वीस वर्षं तशाच गंजत उभ्या राहिल्या तरी चालतात. गावात अशी कितीतरी घरं होती, ज्यांच्या वरच्या मजल्यावर आजवर फक्त कावळेच राहिले. पण सळया होत्या, म्हणून त्यांच्या पोरांची लग्नं झाली होती.

पंडितच्या घराला सळया नव्हत्या, कारण कॉलमच नव्हते. भिंती मातीच्या विटांच्या. शेततळं खोदताना निघालेली माती, तीत चुना, थोडं सिमेंट आणि साखर कारखान्याची चिपाडाची राख कालवून, यंत्रात दाबून केलेल्या विटा. भट्टीत न भाजलेल्या. वरून गिलावा नाही. छताच्या स्लॅबमध्ये मडकी उपडी घातलेली, सिमेंट कमी लागावं आणि ऊन आत उतरू नये म्हणून. खाली चटईवर पडलं की वर मडक्यांच्या गोल तोंडांची रांग दिसायची. गावाने त्याचं नाव 'कुंभारवाडा' ठेवलं होतं.

हे सगळं तेजश्रीचं. तेजश्री म्हणजे पंडितच्या धाकट्या भावाची, रामप्रसादची मुलगी. रामप्रसाद अंबाजोगाईला कॉलेजात नोकरीला आणि पोरगी आर्किटेक्ट होऊन पर्यावरणपूरक घरांवर पीएच.डी. करत होती. लहानपणी प्रत्येक सुट्टी तिने सुरेखाच्या पदराला धरून काढलेली. ती एक दिवस आली आणि म्हणाली, "मोठी आई, प्रयोगशाळेत भिंत मोजून काही कळत नाही. मला एक खरं घर पाहिजे, ज्याच्यात माणसं राहतात." सुरेखाला तिला नाही म्हणता आलं नाही. खरं तर म्हणायचं होतं. लग्न झाल्यापासून कित्येक हंगाम तिने ऊसतोडीला जाऊन फडाकडेच्या झोपडीत, कोपीत काढले होते, पाचटाच्या आडोशाला पोर वाढवलं होतं. उसाला जाणं थांबलं तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती, गुलाबी ऑइलपेंटचं गुळगुळीत स्लॅबचं घर. मिळालं ते मातीचं, आणि त्यातही ज्या कारखान्याला जन्मभर ऊस घातला त्याचीच राख भिंतीत.

तेव्हापासून घरातल्या माणसांना स्वस्थता नव्हती. पुण्याहून, दिल्लीहून लोक यायचे, भिंतीवर हात फिरवायचे, फोटो काढायचे आणि चुलीपुढे बसलेल्या सुरेखाला 'जरा अशाच बसा' म्हणायचे. चूल ती फक्त भाकरीपुरती लावायची, पण फोटोत गॅस कधी आला नाही. भिंतींवर काड्यापेटीएवढ्या पांढऱ्या डब्या बसवलेल्या होत्या, त्या रात्रंदिवस गरमी मोजत. आणि रोज दुपारी तेजश्रीचा फोन, "मोठी आई, आत्ता घरात कसं वाटतंय? लई गरम, गरम, जरा गरम, ठीक, जरा गार, गार, का लई गार?" सुरेखा पदराने हात पुसत म्हणायची, "ठीक." बाकी सहा उत्तरं तिने कधी वापरलीच नाहीत.

एकदा तिने तेजश्रीला विचारलंही होतं, की ह्या प्रश्नाने काय होतं. तेजश्री खुलली. आधी म्हणे सगळं संशोधन सोलरवर आणि विजेच्या बिलावर व्हायचं. मग सिमेंट-लोखंड बनवताना किती धूर होतो त्याचा हिशेब आला. मग गवत, राख, बांबू, जुन्या इमारतींचा राडारोडा ह्यांच्यातून काय बांधता येतं ते आलं. आणि आता कुठे, घरात राहणाऱ्या माणसाला कसं वाटतं हे लोक विचारायला लागलेत.

"माणसापस्तोर यायला तुमाला एवढी वर्षं लागली?" सुरेखा म्हणाली होती.

उत्तरेश्वर गाडीवरून परत आला. "दिसायल्यात," त्याने मान खाली घालून सांगितलं. "पुलापासून दिसायल्यात."

"बघ," पंडित म्हणाला.

"काय बघू? त्या कॉलमखाली काय हाय?"

"स्लॅब हाय की."

"आन स्लॅबखाली?"

पंडितने मिशीवरचं सिमेंट झटकलं. कॉलम त्याने भिंतीवर धरलेच नव्हते. कडेला हात पुरेना म्हणून हातभर आत घेतले होते. म्हणजे खाली भिंत नव्हती, थेट खोल्या होत्या. "फाल्गुनात ते केजचे पाव्हणे परत गेले तव्हा तूच म्हणलीस ना, सळया तरी दिसल्या असत्या तर म्हणून? मी काय मपल्या मनानं केलंय का?"

तसं ती म्हणाली होती, हे खरं होतं. केजच्या मुलीच्या मामाने भिंतीवर बोट घासून बोटाकडे बघितलं होतं, पाणी प्यायलं होतं आणि चहाचा कप तसाच सारून ठेवला होता. ज्या घरी सोयरीक करायची नाही त्या घरचा चहा घेत नाहीत. तो साय धरलेला कप सुरेखाने स्वतः मोरीत ओतला होता. त्या रागात माणूस काहीही बोलतं. पण रागात बोललेलं सगळं सोडून नेमकं तेवढंच नवऱ्याच्या लक्षात राहावं, ह्याला काय म्हणावं.

---

तेजश्री नऊच्या सुमारास वडवणीहून रिक्षाने आली. बघायला येणारी मुलगी अंबाजोगाईला शिकलेली, तेव्हा बोलायला आपलंही एक शिकलेलं माणूस असावं म्हणून तिला बोलावलं होतं. तिने गच्चीकडे बघितलं, चप्पल न काढताच बैठकीत गेली आणि वर बघत उभी राहिली. दाराजवळच्या एका मडक्यातून रुपयाएवढं ऊन सरळ फरशीवर पडलं होतं.

"अण्णा, तुमी ड्रिल मारलं?"

"सळी बसवायला. पयलं भोक आरपार गेलं," पंडित म्हणाला. "मग दुसरीकडं मारलं. दुसरं बराबर बसलं."

"आणि ही वायर?"

छतावरच्या डबीची वायर मधोमध तुटून लोंबत होती. पंडितने ती चिमटीत धरून निरखली, जणू काय पहिल्यांदाच बघतोय. "ही चालू व्हती व्हय?"

तेजश्री फरशीवर बसली. तिला दोन पूर्ण उन्हाळ्यांच्या नोंदी हव्या होत्या. दुसरा उन्हाळा संपायला थोडेच दिवस राहिले होते. "हे घर गरम होत नाही हे मी मांडायचं, तर छतात भोक," ती म्हणाली. "वर चार ठोकळ्यांचं वजन. आता हे मी काय म्हणून लिहू?"

"लिही, घरमालक शाणा व्हता म्हणून," सुरेखा म्हणाली.

"तुजं शिक्षण व्हईल गं बाई," पंडितचा आवाज चढला. "आज न्हाई तर सा महिन्यांनी व्हईल. ह्याचं लगीन कव्हा व्हायचं? तुज्या नादानं मी मातीत घर घातलं. गावातली कुत्री हसायलीत."

"अण्णा, मी फसवलं का तुमाला? घर गार हाय का न्हाई?"

"गार घर घेऊन काय करू? त्याच्यात सून कोण आणून देणार, तुजे दिल्लीवाले?"

उत्तरेश्वर दोघांच्या मध्ये उभा होता. एकदा चुलत बहिणीकडे बघायचा, एकदा बापाकडे. काल त्यानेच वाळूची घमेली वर चढवली होती, हे त्याच्या नखांवरून दिसत होतं. लहानपणापासून तो असाच, ज्याच्या हातात घमेलं त्याच्या बाजूचा. सुरेखाला त्याचाही राग आला. एवढा मोठा घोडा, तोंडातून शब्द म्हणून फुटत नाही.

"आता गप बसा सगळे," ती म्हणाली. "तेजे, ऊठ, तोंड धू. उत्तर, नखं साफ कर. आन तुमी वर जाऊन त्या भोकात बोळा कोंबा. सिमेंट?"

"संपलं," पंडित म्हणाला. "कॉलमलाच लागलं सगळं."

मग जुन्या धोतराचा बोळा करून भोकात कोंबण्यात आला. खालून तो पांढरा बोळा मडक्यात दडवून ठेवलेल्या अंड्यासारखा दिसत होता. पण वर कोण बघतंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

---

अर्जुनराव आले ते ऊन मी म्हणत असताना. मांजरसुंब्याला त्यांचं सिमेंट आणि लोखंडाचं दुकान. गाडीतून उतरतानाच त्यांनी कपाळावर हात धरून गच्चीकडे बघितलं. गुडघे दुखत असल्यामुळे वर चढायचा प्रश्नच नव्हता, आणि पंडितने मनातल्या मनात त्या गुडघ्यांना हात जोडले असणार.

"पुलावरूनच सळया दिसल्या," अर्जुनराव म्हणाले. "बरं वाटलं. मला कुणीतरी सांगितलं व्हतं, पाव्हण्यांचं घर मातीचं हाय."

"लोकांचं काय, लोक काहीबी बोलतेत," पंडित म्हणाला.

अर्जुनरावांच्या बायकोला, सुंदरबाईंना, बोलायचीही ताकद नव्हती. चेहरा उतरलेला, डोळे लाल. पाणी पिऊन त्या सुरेखाला हळूच म्हणाल्या, "बाई, जरा टेकू का कुठं? गाडीचं ऊन लागलं." सुरेखाने त्यांना आतल्या खोलीत नेलं, चटई टाकली, उशाला गोधडीची घडी दिली आणि पंखा लावायला गेली तर सुंदरबाई म्हणाल्या, राहू द्या, इथं बरंय.

चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात दिपाली स्वयंपाकघरात आली. हीच ती मुलगी. उंच, सावळी, बघण्याच्या कार्यक्रमाला आलेली असून डोक्यावर पदर-बिदर काही नाही, साधा पंजाबी ड्रेस. तिने आधी भिंतीला तळहात लावला, मग सुरेखाकडे वळली.

"मावशी, एक विचारू? तुम्हाला कसं वाटतं ह्या घरात?"

सुरेखाच्या तोंडात 'ठीक' आलंच होतं. पण ही काही फोनवरून सातातलं एक मागत नव्हती. ही काही महिन्यांनी ह्याच चुलीपुढे उभी राहणार होती, कदाचित.

"खरं सांगू?" सुरेखा म्हणाली. "पयलं वरीस मी रोज शिव्या घातल्या. भिंतीला खिळा ठोकायचा तर त्या पोरीला इचारावं लागतंय. पावसाळ्याच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला मातीचा हात फिरवावा लागतोय. लोक बघायला येतेत, त्यांचा चहा मलाच करावा लागतोय. गाव हसतंय ते येगळंच." तिने दूध ओतलं. "पर वैशाखात दुपारची मी झोपते. आदूगर पत्र्याच्या घरात ओला टावेल डोक्यावर घेऊन भाकरी थापायचे. जन्मात दुपारची झोपले नव्हते. कोपीत झोपणार कुठं? इथं भांडी झाली की डोळा लागतोय. मला लाजच वाटायची सुरुवातीला."

"आमचं घर तीन मजली आहे," दिपाली म्हणाली. "खाली दुकान, मधी गोडाऊन, वर आम्ही. आई रात्री चादर भिजवून पांघरते. ती वाळली की उठून परत भिजवते. पप्पा म्हणतात एसी घेऊ. घेतला की लाईट जाते." ती थोडं थांबली. "ती झोपलीय का बघा ना. चार-पाच दिवस झाले, नीट झोपच नाही तिला."

सुरेखाला ती मुलगी आवडली. आवडल्याचं तिला नीट कळलंही, आणि त्यामुळेच तिला तिचं स्वतःचं लग्न आठवलं. तिचे वडील घर बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी शेजाऱ्याची खिलारी बैलजोडी आपल्या दावणीला बांधून दाखवली होती. वडील बैलांवर भाळून सोयरीक पक्की करून गेले. हळद उतरायच्या आत शेजारी येऊन बैल सोडून घेऊन गेला. नव्या नवरीने विचारलं, बैल कुठं गेले, तर सगळं घर हसलं. ती हसण्याची गोष्ट पुढे सगळ्या कार्यांत सांगितली गेली. सुरेखाला तिच्यात हसण्यासारखं काही कधी सापडलं नाही. त्याच वर्षी ती पहिल्यांदा ऊसतोडीला गेली.

---

ती चहाचा ट्रे घेऊन बैठकीच्या दारात आली आणि नेमका तेव्हाच बोळा पडला. वाऱ्याने सैल झाला असेल नाहीतर उन्हाने वाळून आकसला असेल. टप्पकन अर्जुनरावांच्या पायाशी पडला आणि मागोमाग उन्हाचा झोत त्यांच्या गुडघ्यावर आला.

अर्जुनरावांनी बोळ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. "हे काय हाय?"

"ते संशोधनाचं हाय," पंडित एका दमात म्हणाला. "उजेडासाठी. पुतणी करती आमची. सांग की गं."

तेजश्रीने काकाकडे असं काही बघितलं की दुसरा माणूस असता तर गाव सोडून निघून गेला असता. पण उत्तरेश्वरने तिच्याकडे बघून हात जोडले, अगदी छातीपाशी, कुणाला दिसू नये असे. "हो," ती म्हणाली. "नैसर्गिक प्रकाश. म्हणजे काही ठिकाणी करतात."

"असं धोतर कोंबून?"

"त्याच्यावर अजून काम चालू आहे."

अर्जुनरावांनी खुर्ची थोडी सरकवली. माणूस धंद्यातला होता, भोकापेक्षा त्यांचा जीव सळयांत होता. "हे बघा पंडितराव, मी आडपडदा ठेवत न्हाई. पोरगा मला पसंत हाय. खालचं हे तुमचं मातीचं संशोधन ऱ्हाऊ द्या, म्हाताऱ्या माणसांना बरंय. पर पोरीला वर खोली पायजे. सळया सोडल्यातच तुमी, तर दिवाळीपस्तोर मजला चढवा. लोखंड, सिमेंट मपल्या दुकानातून न्या, घरचंच हाय. मजला झाला की तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरू. बोला."

"चढवू की," पंडित म्हणाला. "त्यात काय. चढवू."

तेजश्रीने तोंडावर हात ठेवला. त्या चार ठोकळ्यांवर मजला म्हणजे काय होणार, हे सांगायला पीएच.डी. लागत नव्हती. उत्तरेश्वर आईकडे बघत होता. तिशी ओलांडलेला पोरगा, पण नजर तीच, कोपीच्या दारात बसून आई फडातून कधी येते ते बघायचा तेव्हाची. लग्न ठरलं होतं. एक 'हो' म्हटलं की ठरलं होतं. दिवाळीचं दिवाळीला बघू, असं पंडितच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याच्या बापाच्या तोंडावरही बैल बांधताना हेच असणार.

सुरेखाने ट्रे स्टुलावर ठेवला.

"पाव्हणे, मजला चढणार न्हाई."

"तू आत जा," पंडित म्हणाला.

"त्या सळयांखाली काईबी न्हाई. ह्यांनी काल दुपारी रवल्यात. ह्या घराला कॉलमच न्हाईत, वर काई चढवलं तर समदं खाली यील. आन हे ऊन पडतंय ते संशोधन न्हाई, ह्यांच्या ड्रिलचं भोक हाय. पोरीनं घराची लाज राखायला खोटं सांगितलं. घर मातीचंच हाय आन असंच ऱ्हाणार."

पंडितने डोळे मिटून घेतले.

"सांगायची काय गरज व्हती तुमाला?" अर्जुनरावांनी विचारलं. आवाज रागाचा कमी आणि चक्रावल्याचा जास्त होता. "मी तर व्हय म्हणलो व्हतो."

"तुमी व्हय म्हणून घरी जाल. हे बागेत जातील. उद्या तुमची पोर माझ्यापुढं उभी ऱ्हाऊन इचारील, वरची खोली कुठाय म्हणून. तव्हा कोण उत्तर देणार? मीच ना. मला न्हाई जमायचं. मी असंच इचारलं व्हतं ह्या घरात एकदा."

मग मात्र अर्जुनराव पेटले. ते उठले. बोलावून फसवता का, मी काय दूधखुळा आहे का, मांजरसुंब्यात माझ्या शब्दाला वजन आहे, असं बरंच बोलले. पंडित खाली मान घालून ऐकत राहिला. चहाचे कप वाफा सोडत होते, त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. अर्जुनरावांनी दारात जाऊन चपला घातल्या आणि हाक मारली, "सुंदर, ऊठ. चला, निघायचं. दिपाली, चल."

आतून काही उत्तर आलं नाही.

"सुंदर!"

दिपाली आत गेली. बाहेर आली ती ओठांवर बोट ठेवून. "पप्पा, हळू. आई झोपलीय."

"मग उठव."

"मी नाही उठवणार."

अर्जुनराव चपला घालूनच आतल्या खोलीच्या दाराशी गेले. मागून सुरेखा, तेजश्री, सगळेच. सुंदरबाई चटईवर कुशीला झाल्या होत्या. तोंड अर्धवट उघडं, पदर बाजूला पडलेला, एक हात थंड फरशीवर पसरलेला. बारीक घोरत होत्या. पंखा बंदच होता. एवढा आरडाओरडा झाला आणि बाईच्या पापणीलाही त्याची खबर नव्हती.

बायकोला असं झोपलेलं अर्जुनरावांनी ह्या उन्हाळ्यात बघितलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं. ते तिथे उभेच राहिले, मग वाकून, गुडघ्यांनी कुरकूर केली तरी वाकून, त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि हातात धरून बैठकीत आले. खुर्चीत बसले. ऊन आता गुडघ्यावरून खाली सरकलं होतं.

"उठली की निघू," ते कोणाकडेच न बघता म्हणाले.

पंडितला तेवढ्यात शौर्य आलं. "मी ते कॉलम आत्ताच्या आत्ता फोडून टाकतो," म्हणत तो शिडीकडे निघाला. घण घेतलासुद्धा.

"ठिवा तो खाली," सुरेखा दबल्या आवाजात म्हणाली. "पाव्हणी झोपलीय. आवाज करायचा न्हाई कुणी."

सगळे जिथे होते तिथे गप्प बसले. दिपाली दाराच्या चौकटीला टेकली होती, आणि उत्तरेश्वरने, कोण जाणे कुठून धीर आणला, पण तिला हळूच विचारलं, पाणी देऊ का. ती म्हणाली, द्या.

सुरेखाने स्टुलावरच्या कपांकडे बघितलं. साय धरली होती, तशीच, फाल्गुनातल्यासारखी. ट्रे उचलून मोरीवर नेला, चहा ओतून दिला, कप विसळले. मग तिच्या लक्षात आलं की ती पहाटेपासून उभी आहे, कंबर मोडायला आलीय आणि सोयरीक राहते की जाते हे आता तिच्या हातात अजिबात नाही. ती आत गेली आणि सुंदरबाईंच्या शेजारी, चटईच्या उरलेल्या कडेला, लवंडली. फरशी गार होती.

तेजश्री पाठोपाठ येऊन तिच्या उशाशी उकिडवी बसली. डोळे अजून ओले होते, पण सवय जाते कुठे. "मोठी आई," ती कुजबुजली, "आत्ता कसं वाटतंय?"

"वीट आलाय मला तुमचा सगळ्यांचा," सुरेखा डोळे न उघडता म्हणाली. "ते लिहून घे. आन झोपू दे."

तेजश्री फिसकन हसली आणि तिथेच भिंतीला टेकली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. सुरेखाचा डोळा लागत होता, तेवढ्यात बैठकीतून अर्जुनरावांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, दबका, जवळजवळ ओशाळलेला.

"पंडितराव, चहा मिळंल का थोडा?"

सुरेखाचे डोळे खाडकन उघडले. शेजारी तेजश्री ताठ बसली होती. मग पंडितची घाईघाईची पावलं स्वयंपाकघरात शिरली आणि डब्यांची झाकणं उघडायला लागली. एक, मग दुसरं, मग तिसरं. एवढ्या वर्षांच्या संसारात साखरेचा डबा कोणता हे त्याला माहीत नव्हतं. कुठलं तरी झाकण खाली पडलं आणि "शू," असं अर्जुनरावच त्याला म्हणाले.

"मोठी आई," तेजश्री कुजबुजली, "ऊठ ना."

सुरेखाने फरशीवरचा हात जरा लांब पसरला.

"सापडंल त्यांना," ती म्हणाली, आणि कुशीला वळली.